जाणारी आणि येणारी हवा, पण एकाच दिशेने फिरणारे चक्र

समुद्राच्या लाटांपासून वीज म्हटली, की पाण्यात बुडालेले चक्र आपल्या डोळ्यांसमोर येते. आज मी ज्या टर्बाइनविषयी बोलणार आहे, ते मात्र फिरते हवेवर. किनाऱ्यालगत काँक्रीटची पोकळ खोली बांधतात आणि तिचे तोंड पाण्याखाली उघडे ठेवतात. लाट आली की आतले पाणी चढते व वरची हवा नळीतून बाहेर रेटली जाते. लाट ओसरली की त्याच नळीतून हवा आत ओढली जाते. त्या नळीत टर्बाइन बसवायचे असते.

खरा पेच इथेच आहे. लाटेचे आवर्तन दहा सेकंदांचे धरले, तर हवा दर पाच सेकंदांनी उलटते आणि नेहमीचे टर्बाइन एकाच दिशेच्या प्रवाहासाठी घडवलेले असते. झडपा लावून प्रवाह एका दिशेला वळवता येतो. जपानमध्ये योशिओ मासुदा यांनी समुद्रात खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या बोयांवरचे दिवे लाटांवर चालवले, तिथे हा उपाय पुरला. पण मोठ्या केंद्रात खाऱ्या हवेत वर्षाला तीस लाखांवर वेळा उघडझाप करणाऱ्या झडपा टिकवायच्या कशा?

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील प्राध्यापक ॲलन वेल्स यांनी १९७० च्या दशकात झडपांची गरजच काढून टाकली. त्यांच्या टर्बाइनची पाती दोन्ही अंगांनी सारख्या आकाराची असतात आणि फिरण्याच्या प्रतलातच सपाट बसवलेली असतात. फिरत्या पात्याला हवा तिरकी भिडते, तेव्हा विमानाच्या पंखावर होते तसे हवेच्या दिशेला आडवे उचल बल निर्माण होते आणि त्याचा एक अंश पात्याला पुढे ढकलतो. हवा उलटली तरी तो अंश त्याच दिशेला राहतो. इतकी साधी आणि इतकी देखणी कल्पना यंत्रशास्त्रात क्वचितच सापडते, असे मला मनापासून वाटते.

तिची किंमतही मोजावी लागते. हवेचा जोर वाढून तिरकेपणा एका मर्यादेपलीकडे गेला, की प्रवाह पात्यापासून सुटतो आणि ऐन मोठ्या लाटेच्या वेळी शक्ती एकदम घसरते. शिवाय हे टर्बाइन स्वतःहून नीट वेग घेत नाही आणि वेगात फिरताना फार आवाज करते. दुसरा पर्याय म्हणजे आवेग टर्बाइन. त्यात चक्राच्या दोन्ही बाजूंना हवेला चक्राकडे वळवणारी मार्गदर्शक पाती असतात. ते कमी वेगात चालते, जोराच्या हवेलाही दाद देते, पण बाहेर पडणारी हवा पलीकडच्या पात्यांवर आदळून ऊर्जा वाया जाते.

केरळातील विझिंजम येथे १९९१ मध्ये १५० किलोवॉट क्षमतेचे केंद्र वेल्स टर्बाइनवर सुरू झाले आणि पुढे तिथे आवेग टर्बाइनचीही चाचणी झाली. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळतो आणि एरवी बराच शांत असतो; म्हणूनच माझ्या मते आपल्या किनाऱ्यासाठी टर्बाइन निवडताना त्याची सर्वोच्च कार्यक्षमता पाहण्यापेक्षा मध्यम लाटांवर ते वर्षभरात किती वीज देते, हे आधी पाहावे. स्पेनच्या बास्क प्रांतातील मुत्रिकु येथे २०११ पासून बंदराच्या बांधातच १८.५ किलोवॉटची सोळा छोटी वेल्स टर्बाइन बसवलेली आहेत. त्यातले एखादे दुरुस्तीसाठी थांबवले, तरी बाकीची चालू ठेवता येतात.