पन्न्याच्या मातीतले हिरे

श्रोतेहो, नमस्कार.

मध्य प्रदेशातलं पन्ना आपल्याला माहीत असतं ते छत्रसाल महाराजांमुळे. 1729 साली बाजीराव पेशवे त्यांच्या मदतीला धावून गेले आणि बुंदेलखंडाशी मराठ्यांचं नातं जडलं. आज मला बोलायचंय ते मात्र तिथल्या जमिनीविषयी.

हिरा घडतो जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोल. एका खास प्रकारच्या शिलारसाबरोबर तो झपाट्यानं वर येतो. वाटेत रेंगाळला तर त्याचं ग्राफाइट व्हायचं, पेन्सिलीत असतं तेच! पन्न्याजवळ मझगवाँला अशा शिलारसाची एक उभी नळी विंध्य पर्वताचा वालुकाश्म भेदून वर आलेली आहे. वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. तिथला खडक किंबर्लाइट मानायचा की लॅम्प्रोइट (खोलातून हिरे वर आणणाऱ्या खडकांचे हे दोन प्रकार), यावर भूवैज्ञानिकांचा वाद अजून मिटलेला नाही.

या नळीवर एनएमडीसी या सरकारी कंपनीची यांत्रिक खाण आहे. 100 टन खडक फोडला की साधारण 10 कॅरेट हिरे मिळतात, म्हणजे जेमतेम 2 ग्रॅम. खाण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असल्यानं 2020 च्या अखेरीस परवानगीअभावी थांबली होती. पुढे ती पुन्हा सुरू झाली.

पण मला जास्त ओढ आहे ती उथळ खाणींची. करोडो वर्षांत खडक झिजले, त्यातले हिरे पाण्याबरोबर वाहत गेले आणि गोट्यांच्या थरांत अडकून बसले. या हिरे असलेल्या वाळूगोट्यांना तिथले लोक ‘चाल’ म्हणतात. सरकारी हीरा कार्यालयाकडे वर्षाला 200 रुपये भरले की 8 बाय 8 मीटरचा तुकडा खोदायला मिळतो. कुदळ-फावड्यानं वरची माती काढत चालीपर्यंत उतरायचं. मग चाल पाण्याच्या खड्ड्यात तुडवून, धुऊन चिखल काढायचा आणि उन्हात वाळवायची. शेवटी ती जमिनीवर पसरून खडा न् खडा हातानं चाळायचा. नजर बसलेली माणसं ओल्या वाळूतही हिरा ओळखतात, कारण तो पाण्यानं इतर खड्यांसारखा भिजत नाही. हे सगळं शिक्षण घरातूनच येतं, आणि त्याला मी कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा कमी लेखणार नाही.

बहुतेक खड्ड्यांतून काहीच निघत नाही. तरी लोक पुढच्या वर्षी पुन्हा पट्टा, म्हणजे खोदायचा परवाना, घेतात. सापडलेला हिरा मात्र कार्यालयात जमा करावा लागतो. तिथे त्याचं वजन होतं, लिलाव होतो आणि सरकारची रॉयल्टी कापून उरलेली रक्कम शोधणाऱ्याला मिळते. 2018 साली एका मजुराला 42.59 कॅरेटचा हिरा मिळाला. लिलावात त्याला अडीच कोटींवर किंमत आली.