टायर आतून पाहिल्याशिवाय

श्रोतेहो,

आपल्या खानदेशात गाडीच्या टायरला काय टोचेल याचा नेम नाही. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, आणि त्यांच्या कडेला मालट्रकांतून पडलेले खिळे, बोल्ट, तारांचे तुकडे नेहमीच पडलेले असतात. महामार्ग सोडून गावाकडे वळलो की बाभळीचे आणि हिवराचे काटे सुरू होतात. कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाटीचे तिरपे कापलेले खुंट बांधाच्या कडेला उभे राहतात, आणि वाळल्यावर ते इतके टणक होतात की ट्रॅक्टरच्या टायरलाही जुमानत नाहीत. त्यामुळे पंक्चर ही आपल्याकडे अपघाती घटना मानायची गरज नाही, ती होणारच. प्रश्न त्यानंतरचा आहे. पंक्चर झालेला टायर दुरुस्त करून पुन्हा महामार्गावर न्यावा, की तो बाद करून नवा घ्यावा?

मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना वाहन अभियांत्रिकी शिकवली आहे, आणि या प्रश्नावर माझे म्हणणे एकच आहे: टायर रिमवरून उतरवून आतून पाहिल्याशिवाय याचे उत्तर कोणालाही देता येत नाही. बाहेरून दिसणारे भोक हा प्रश्नाचा लहान भाग असतो, मोठा भाग आत असतो.

हे पटण्यासाठी टायरची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. आजच्या मोटारींचे टायर रेडियल असतात. त्यांच्या अंगात पॉलिएस्टरचे बारीक दोर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे गेलेले असतात. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. आणि सगळ्यांत आत हवा धरून ठेवणाऱ्या रबराचे पातळ अस्तर असते. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबचे काम हे अस्तरच करते. बाजूच्या भिंतीत, ज्याला आपण साइडवॉल म्हणतो, पोलादी पट्टे नसतात. तिथे सगळा भार दोर आणि रबर यांच्यावर असतो, आणि तो भाग सतत वाकत असतो. १८५/६५ आर १५ हा आपल्याकडच्या अनेक गाड्यांना बसणारा टायर घेतला, तर त्याचा घेर जवळजवळ १.९५ मीटर भरतो. म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना त्याच्या साइडवॉलचा प्रत्येक भाग मिनिटाला सुमारे ६८० वेळा दबतो आणि सुटतो. एवढ्या वेळा वाकणाऱ्या जागी लावलेले कोणतेही ठिगळ टिकेल असा भरवसा कोणी देऊ नये. म्हणून साइडवॉलला किंवा नक्षीच्या कडेच्या खांद्याला छेद गेला असेल, तर भोक टाचणीएवढे असले तरी तो टायर बाद समजावा. खड्ड्यात आपटून साइडवॉलला फुगा आला असेल तर आतले दोर तुटलेले असतात, आणि त्यालाही दुरुस्ती नाही.

नक्षीच्या मधल्या भागातले पंक्चर मात्र दुरुस्त होते, आणि ते जरूर करावे. उगाच चांगला टायर फेकण्याच्या मी विरोधात आहे. मोटारीच्या टायरसाठी सर्वसाधारण मर्यादा ६ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राची मानली जाते. पऱ्हाटीच्या खुंटाने पडलेले भोक पुष्कळदा याहून मोठे असते, आणि ते तिरपे आत शिरलेले असते, हेही लक्षात घ्यावे. काटा बाहेरून मध्यभागी दिसतो, पण आतल्या बाजूला तो खांद्यापर्यंत पोहोचलेला असतो. बाहेर उभे राहून हे कसे कळणार?

आता दुरुस्तीच्या पद्धतीकडे वळतो, कारण इथे आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज आहे. रस्त्याकडेच्या दुकानात टायर गाडीवरच ठेवून रिमरने भोक मोठे करतात, चिकट स्ट्रिप सुईत ओवून आत खुपसतात, शेपूट कापतात आणि हवा भरतात. पाच मिनिटांत गाडी निघते. रात्री घाटात अडकलेल्या कुटुंबासाठी हे काम मोलाचे आहे, आणि ते उन्हातान्हात करणाऱ्या कारागिरांविषयी मला आदर आहे. परंतु स्ट्रिप ही घरापर्यंत पोहोचण्याची सोय आहे. ती भोक बुजवते, आतले अस्तर मात्र सांधत नाही. फटीतून पाणी झिरपत राहिले तर पोलादी पट्ट्यांना गंज चढतो, रबर त्यांच्यापासून सुटू लागते, आणि हे सगळे डोळ्यांआड घडते. पक्की दुरुस्ती म्हणजे टायर उतरवणे, आतून तपासणे, छिद्राभोवतीचे अस्तर घासून साफ करणे, सोल्युशन लावणे आणि आतून मश्रूम पॅच बसवणे. या पॅचचा देठ छिद्र भरतो आणि त्याची टोपी अस्तरावर चिकटून हवा अडवते. दोन्ही कामे एकाच वेळी होतात, म्हणून तोच पॅच लावावा.

या ठिकाणी मला माझ्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी चोपड्याकडून धुळ्याला येत होतो. गाडी डावीकडे ओढते आहे हे मला जाणवले, पण ऊन कडक होते, आसपास सावली नव्हती, आणि पुढच्या गावात दुकान मिळेल या विचाराने मी सुमारे चार किलोमीटर तशीच गाडी चालवली. दुकानात स्ट्रिप घातली गेली, मी पैसे दिले आणि निघालो. किती अंतर हवा नसताना चाललो, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. मुलांना वर्गात जे शिकवत होतो ते स्वतःच्या गाडीपाशी विसरलो. तीन आठवड्यांनी कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे तोच टायर बाजूने फाटला. गाडीत माझी आई होती. वेग कमी होता म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला आणता आली. टायर उतरवल्यावर आतून काळ्या रबराचा भुगा निघाला आणि साइडवॉलच्या आतल्या बाजूने पूर्ण फेरा घेतलेला झिजेचा पट्टा दिसला. खिळ्याचे भोक मात्र शेवटपर्यंत उत्तम बुजलेले होते.

तो भुगा आणि तो पट्टा हीच पाहण्याची गोष्ट आहे. हवा कमी असताना साइडवॉल रस्ता आणि रिम यांच्यामध्ये चिरडली जाते, तिच्यात प्रचंड उष्णता निर्माण होते आणि दोर आतल्या आत तुटतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, डांबर त्याहून तापलेले असते. अशा दिवसांत हवा नसलेला टायर थोड्या अंतरातच निकामी होतो. म्हणून दुकानदाराला पहिले वाक्य हेच सांगावे, की मी अमुक अंतर हवेविना आलो. टायरमध्ये खिळा दिसला आणि हवा टिकून असेल, तर तो जागेवरच उपटू नये. हवा मोजावी आणि हळूहळू दुकान गाठावे. कधी कधी खिळा नक्षीतच अडकलेला असतो, आत पोहोचलेलाच नसतो.

आतून टायर निर्दोष निघाला, तरी दोन गोष्टी पाहायच्या राहतात. पहिली नक्षीची खोली. मोटारीसाठी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली हवी, आणि तेवढ्या उंचीच्या आडव्या पट्ट्या कंपनीने खाचांमध्येच दिलेल्या असतात. नक्षी त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आली असेल, तर पॅचवर खर्च करण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट टायरचे वय. साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर तडकते, त्यामुळे सहा वर्षांनंतर दर वर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांपलीकडे तो टायर वापरू नये, नक्षी कितीही शिल्लक असली तरी.

बदलायचाच ठरला, तर एकच बदलावा का? शक्यतो नाही. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर आणि शेजारच्या जुन्याची ३ उरलेली असेल, तर एकाच आसावरची दोन चाके वेगळ्या घेराची होतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना त्यांची पकड सारखी राहत नाही. ज्यांना दोन टायरांचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी एक मार्ग आहे: न वापरलेली स्टेपनी त्याच मापाची आणि जवळच्या वयाची असेल, तर ती आणि नवा टायर यांची जोडी करावी, आणि जुन्यांतला चांगला टायर स्टेपनी म्हणून ठेवावा. नवी जोडी मागच्या आसाला लावावी. बरेच कारागीर ती पुढे लावतात, पण पावसाळ्यात मागची चाके घसरली की गाडी फिरते, आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातात राहत नाही. माप जुन्याइतकेच असावे, आणि साइडवॉलवर मापापुढे छापलेले भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) व वेगाचे अक्षर (तो किती वेग सोसतो ते सांगणारे) जुन्याइतके किंवा त्याहून वरचे असावे. ८८ हा भारांक म्हणजे एका टायरला ५६० किलो, हे लग्नसराईत सहा माणसे आणि भांडी भरून निघणाऱ्यांनी विशेष पाहावे.

२०२० सालच्या नियमबदलानंतर काही नव्या गाड्यांना स्टेपनीऐवजी हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट मिळते. त्या बाटलीतला चिकट द्रवही तात्पुरताच आहे. तो घातला असेल तर दुकानात सांगावे, म्हणजे टायर आतून धुऊन मग तपासता येईल.

आणि बाद ठरलेला टायर दुकानात तसाच सोडून येऊ नका. मी त्याच्या साइडवॉलला माझ्यासमोर करवतीने छेद द्यायला लावतो, कारण बाहेरून चकचकीत दिसणारा तो टायर जुन्या बाजारातून दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला लागू शकतो, आणि त्याच्या आत काय आहे हे त्या माणसाला कोणी सांगणार नाही.