खारा वारा आणि थडग्यांवरची नावं

नमस्कार, श्रोतेहो.

पाऊस उघडला की पुण्याहून कोकणात जाणाऱ्या गाड्या वाढतात. त्यातली काही कुटुंबं समुद्र बघायला निघालेली नसतात. अलिबाग, मुरूड, दापोली, रत्नागिरी या बाजूला ज्यांच्या आजोबा-पणजोबांची थडगी आहेत, अशी कितीतरी घरं आज कॅम्पात, खडकीत, रास्ता पेठेत, कोंढव्यात राहतात. २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या आधी ख्रिस्ती कुटुंबं सिमेट्रीतलं गवत काढतात, क्रूस धुतात. मुसलमान घरांत शब-ए-बरातच्या आधी कबरस्तानाची साफसफाई होते. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू मंडळी, अलिबागजवळच्या नवगावच्या जुन्या दफनभूमीत जातात. पूर्वजांचं जहाज फुटल्यावर सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी त्यांची परंपरा सांगते.

हे सगळं मायेपोटी होतं. पण दगडाला सगळ्यात मोठी इजाही बहुधा याच दिवसांत होते. म्हणून तुम्ही निघण्याआधी, आत्ता ऑक्टोबरमध्येच, तुमच्याशी बोलायचं होतं.

आपण पुण्याची माणसं काळ्या दगडाला सरावलेलो. हा दगड घट्ट असतो, पाणी फारसं आत घेत नाही. कॅम्पातल्या लाल देवळाशेजारी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाशेजारी, व्यापारी डेव्हिड ससून यांची कबर आहे. ते १८६४ साली पुण्यात वारले. कॅम्पातल्या जुन्या थडग्यांना त्रास होतो तो पिंपळाच्या मुळांचा आणि खचणाऱ्या मातीचा. किनाऱ्यावर मात्र वैरी निराळा आहे, तो म्हणजे मीठ. लाटांचे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, जमिनीतूनही खारी ओल वर चढते. जांभा तर भोकाभोकांचा दगड, तो हे सगळं पिऊन घेतो.

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच दगडात होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ विरघळतं आणि खाली आली की त्याचे पुन्हा खडे बनतात. भर पावसात ते विरघळलेलंच राहतं, त्यामुळे तेव्हा दगड तसा सुखात असतो. खरं नुकसान सुरू होतं पाऊस गेल्यावर. रात्री दमट, दुपारी कोरडं. मीठ रोज विरघळतं आणि रोज खडे धरतं. दगडाच्या बारीक छिद्रांत ते खडे वाढताना आतून रेटा देतात. मग दगडाला लोणा लागतो, पापुद्रे सुटतात, संगमरवर साखरेच्या दाण्यासारखा झडायला लागतो. आणि पापुद्र्यावर सगळ्यात वर काय असतं? कोरलेलं नाव.

आता आपण काय करतो ते बघा. बाथरूम धुण्याचं ॲसिड नेतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर ॲसिड ओतल्यावर फेस येतो आणि आपल्याला वाटतं, मळ निघतोय. तो फेस म्हणजे विरघळणारा दगड असतो. कोकणातल्या एका सिमेट्रीत मी एका लहान मुलाचा संगमरवरी दगड पाहिला आहे. पांढराशुभ्र, स्वच्छ, पण त्यावर एकही अक्षर वाचता येत नव्हतं. घरच्यांनी दर वर्षी अगदी प्रेमानं ॲसिडनं धुतला होता तो. ब्लीचिंगचंही तेच. ॲसिड काय, ब्लीच काय, दोन्ही मागे क्षार सोडतात. म्हणजे मिठानं आजारी पडलेल्या दगडाला आपण आणखी मीठ पाजतो. तारेचा ब्रश आणि गाड्या धुण्याचा जोरदार फवारा हेही नकोच. आणि ऑइल पेंट तर मुळीच देऊ नका. त्याखाली ओल कोंडते आणि रंगाचा पोपडा निघताना दगडाचा थर घेऊन निघतो.

मग न्यायचं काय? पाणी, पण गोडं पाणी. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं, ते वापरून उपयोग नाही. मऊ दातांचा नायलॉनचा ब्रश आणि बांबूची एखादी काडी घ्या. आधी दगड हातानं हलकेच ठोकून बघा. पोकळ आवाज आला किंवा हाताला कण लागले तर त्याला धुवायचंच नाही, नुसता फोटो घ्यायचा. दगड धड असेल तर चांगला भिजवा, मग खालून वर घासत जा, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. दगडफूल धरलं असेल तर खरवडू नका. भिजवून ठेवा आणि काडीनं जेवढं सहज सुटेल तेवढंच काढा.

अक्षरं वाचण्यासाठी खडू, हळद, पीठ चोळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याची गरजच नसते. सकाळी लवकर, ऊन तिरकं असताना जा. दुपारी कोरा वाटणारा दगड त्या वेळी वाचता येतो. ऊन दुसऱ्या बाजूला असेल तर आरसा धरून प्रकाश कडेनं टाका. काही दगडांवर शिशाची अक्षरं बसवलेली असत. ती गळून गेली तरी ती रोवण्यासाठी पाडलेली बारीक भोकं राहतात, आणि भोकांच्या रांगेवरून अक्षर कोणतं ते बऱ्याचदा ओळखता येतं. मला या कामात सगळ्यात आनंद होतो तो इथे. जे हाती लागेल ते त्याच दिवशी वहीत उतरवा, आडनावाच्या स्पेलिंगसकट. झिजलेलं अक्षर पुन्हा कोरायला मात्र देऊ नका. नवा पाथरवट जे कोरेल ते त्याच्या अंदाजाचं असेल. शेजारी लहानशी वेगळी पाटी बसवा.

आता सिमेंटबद्दल. सांधा मोकळा झाला की गवंडी लगेच सिमेंट भरतो. ते दगडापेक्षा कठीण असतं आणि त्यातून ओल बाहेर पडत नाही. मग ओल दगडातून वाट काढते, मीठ दगडात साठतं. काही वर्षांनी सिमेंटची पट्टी शाबूत आणि भोवतालचा जांभा भुगा झालेला, असं चित्र दिसतं. सांधा दगडापेक्षा नरमच असला पाहिजे. झिजला तर सांधा झिजावा, तो पुन्हा भरता येतो. म्हणून विरवलेला चुना आणि धुतलेली नदीची वाळू, एकास तीन. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून घेऊ नका. कोकणात पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजत, आणि पुण्यात वाड्यांच्या दुरुस्तीमुळे चुन्याचं काम जाणणारे गवंडी अजून आहेत. त्यांना सोबत न्या.

कलता दगड मात्र दोरी लावून ओढू नका. एका घनफूट काळ्या दगडाचं वजन ८० किलोच्या आसपास भरतं. शिवाय क्रूसाच्या आत लोखंडी गज गंजून फुगलेला असला तर दगड हातात येता येताच दुभंगतो. हे काम जाणकारांचं. तिथे स्टेनलेस स्टीलचा गज घालावा लागतो.

आणि जिथे पुरातत्त्व खात्याचा फलक आहे, तिथे ब्रशसुद्धा लावायचा नाही. वसईच्या किल्ल्यात चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ साली तो किल्ला घेतला, त्याच्याही आधीचे. तिथे आपण करायचं एवढंच, की अक्षरांवरून चालायचं नाही. आपल्या स्वतःच्या घरच्या थडग्यासाठीही दफनभूमीच्या विश्वस्तांना आधी विचारा.

रत्नागिरीत ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याची कबर आहे. १८८५ साली त्याचं राज्य गेलं, १९१६ साली तो तिथेच वारला. त्याचं नाव पुस्तकांत सापडेल. पण बंदरावरच्या कारकुनाचं, तापानं गेलेल्या सुईणीचं, होडी उलटून गेलेल्या तांडेलाचं नाव बहुतेक वेळा त्या एकाच दगडावर असतं.

एक शेवटची सूचना. चुन्याचा सांधा निदान आठवडाभर ओला ठेवावा लागतो. तुम्ही रविवारी रात्री पुण्याला परतणार, तेव्हा गोणपाट ओलं करून झाकायला आणि रोज गोडं पाणी शिंपडायला गावातलं कोणीतरी आधीच ठरवून ठेवा आणि त्याला त्याची मजुरी द्या. मे महिन्यात, पावसाच्या आधी, सांधे पुन्हा एकदा तपासून या.

नमस्कार.