शॉक बंद करायला सांगता येतं

श्रोतेहो, नमस्कार. हृदयाची लय एकाएकी बिघडते आणि ते ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरायला लागतं, तेव्हा विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणता येतं. इस्पितळात किंवा विमानतळावरच्या एईडी पेटीने हा झटका बाहेरून देतात. त्यासाठी कुणीतरी धावत यावं लागतं. मिशेल मिरोवस्की या डॉक्टरांचे वरिष्ठ १९६६ साली अशाच बिघाडाने गेले, तेव्हापासून झटका देणारं यंत्र शरीरातच बसवायचा ध्यास त्यांनी घेतला. फेब्रुवारी १९८०मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला ते पहिल्यांदा एका रुग्णाला बसवलं. तेच आजचं आयसीडी. त्याने कितीतरी जीव वाचवले आहेत.

पण समजा, छातीत आयसीडी असलेल्या आजोबांचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे. आता छाती दाबायची नाही, बाहेरून शॉक द्यायचा नाही, असं घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलंय. फाइलवर तशी नोंदही आहे. आतल्या यंत्राला ती फाइल वाचता येत नाही! जाता जाता लय बिघडली, की ते शॉक देतं, पुन्हा देतं. शुद्धीवरच्या माणसाला तो छातीत लाथ बसल्यासारखा लागतो.

हा शॉक बंद करता येतो. डॉक्टर छातीवर प्रोग्रामर नावाचं उपकरण धरून फक्त शॉकची सोय बंद करतात. चिरफाड नाही, दुखत नाही. त्याच यंत्रातलं पेसमेकरचं, म्हणजे मंदावलेले ठोके सांभाळायचं, काम चालूच राहतं, त्यामुळे माणूस त्या क्षणी जात नाही. अगदी घाईत, बहुतेक यंत्रांवर खास लोहचुंबक चिकटवून ठेवला तरी शॉक थांबतो; तो काढला, की यंत्र पुन्हा सज्ज.

‘म्हणजे आम्हीच मारलं का?’ हा प्रश्न मुलांना छळतो. नाही हो. माणूस आजाराने जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायला, मान्यता दिली, २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यात आयसीडीचा उल्लेख स्पष्ट करा. माझ्या मते हा विषय यंत्र बसवतानाच डॉक्टरांनी काढायला हवा. नाही काढला, तर पुढच्या तपासणीला तुम्ही काढा.

आणि एक राहिलंच. दहनाआधी यंत्र काढून घ्यावं लागतं, कारण उष्णतेने बॅटरी फुटते. डॉक्टरांना आणि स्मशानातल्या कर्मचाऱ्यांना तेवढं आधी सांगा.