स्वाइप फीची मारामारी आणि दुकानदारांच्या नावाने बोलणारे

नमस्कार मंडळी! आज जरा पैशाचं बोलू, आणि पैशापेक्षा जास्त, पैशाचे कायदे कोण करवून घेतं त्याचं. अमेरिकेत ज्यांचं छोटं हॉटेल आहे, ग्रोसरी आहे, त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवा, बाकीच्यांनीही ऐका कारण कार्ड सगळ्यांच्याच खिशात असतं.

एक बिल समोर धरा. जेवण 100 डॉलर, त्यावर टॅक्स धरू 10, आणि गिऱ्हाईक खुश झालं म्हणून टिप 20. झाले 130. आता मालकाला कार्डाची फी, म्हणजेच स्वाइप फी, लागते ती 100 वर नाही, पूर्ण 130 वर. दोन टक्के धरली तर 2 डॉलर 60 सेंट, आणि त्यातले 60 सेंट अशा पैशावर गेले जो मालकाचा नव्हताच, 10 सरकारचे आणि 20 वेटरचे. फीतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, त्याला इंटरचेंज म्हणतात, थोडं व्हिसा-मास्टरकार्डला, थोडं मशीनवाल्याला. तिकडे पुण्यात वडापावच्या गाडीवर यूपीआय केलं तर गाडीवाल्याचं असं काही कापलं जात नाही, जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिटवर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घ्यायची फी, शून्य आहे, बँका त्यावरून कुरकुरतात ती गोष्ट वेगळी.

तर अमेरिकेत यावर दोन फौजा उभ्या आहेत. दुकानदारांची मर्चंट्स पेमेंट्स कोअलिशन आणि बँका-कार्डवाल्यांची इलेक्ट्रॉनिक पेमेंट्स कोअलिशन. नावं ऐकून कोण कुणाच्या बाजूचा काही कळतं का? मला वाटतं, कळू नये अशीच ठेवलीत.

पहिली मोठी लढाई वॉशिंग्टनला झाली, 2010 साली. आर्थिक संकटानंतर डॉड-फ्रँक कायदा आला त्यात इलिनॉयचे सिनेटर डिक डर्बिन यांनी एक दुरुस्ती घुसवली, की मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डावर किती इंटरचेंज घ्यायचं ते फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, ठरवणार. मोठ्या म्हणजे 10 अब्ज डॉलरच्या वर मालमत्ता असलेल्या. तेव्हा सरासरी 44 सेंट पडायचे एका व्यवहाराला. फेडने आधी 12 सेंटचा प्रस्ताव मांडला, मग काय, बँकांनी आकाशपाताळ एक केलं, जून 2011 मध्ये अंमलबजावणी लांबवायचा ठराव सिनेटमध्ये आणला, 54 विरुद्ध 45 मतं पडली म्हणजे बहुमत होतं पण लागत होती 60, म्हणून पडला. तरी बँकांचं सगळं वाया नाही गेलं बरं का, शेवटी नियम आला तो 21 सेंट अधिक रकमेच्या 0.05 टक्क्याचा, शिवाय फसवणूक रोखण्यासाठी वरती 1 सेंट. 12 चे 21 झाले!

आता खरी मेख. मोठ्या रकमेची विक्री करणाऱ्या दुकानांचा फायदा झाला. पण जो माणूस दोन डॉलरची कॉफी विकतो त्याला आधी छोट्या रकमेसाठी सवलतीचा दर मिळायचा, साधारण 7 सेंट वगैरे. नियम आल्यावर कार्ड कंपन्यांनी ती सवलत काढली आणि सगळ्यांनाच 21 लावले. म्हणजे छप्पर म्हणून जे घातलं ते छोट्यांसाठी जमीन झाली. रेडबॉक्स आठवतंय ना, डॉलरमध्ये डीव्हीडी द्यायचं ते लाल मशीन, त्यांनी 2011 च्या ऑक्टोबरअखेर भाडं 1.20 केलं आणि कारणांमध्ये डेबिट फीचंही नाव घेतलं. कॉफीवाला ज्या संघटनेची वर्गणी भरत होता तीच संघटना हा कायदा जिंकल्याचे ढोल वाजवत होती, कुणाची म्हैस आणि कुणाला उठबस!

संघटना वाईट असतात असं मी म्हणत नाही. एकट्या दुकानदाराला सिनेटरच्या ऑफिसात कोण विचारतो? पण संघटनेत ज्याची वर्गणी मोठी त्याचं दुखणं आधी, हे आपल्या सोसायटीच्या मीटिंगपासून सगळीकडे सारखंच.

वॉशिंग्टनमध्ये क्रेडिट कार्डासाठी डर्बिन आणि कॅन्ससचे सिनेटर रॉजर मार्शल यांनी 2022 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये बिल, म्हणजे विधेयक, आणलं, दोन्ही वेळा ते अडकलं. मग दुकानदारांनी राज्याचं दार ठोठावलं, आणि तेही डर्बिनच्याच इलिनॉयमध्ये. 2024 चं बजेट चालू होतं. तिथे दुकानदार सरकारसाठी सेल्स टॅक्स गोळा करतो त्याबद्दल त्याला गोळा केलेल्या टॅक्सचे 1.75 टक्के स्वतःकडे ठेवता येतात. सरकारला पैसे हवे होते म्हणून त्यांनी यावर महिन्याला 1,000 डॉलरची मर्यादा घातली, मोठ्या चेन दुकानांना ती चांगलीच बसणार, मग बदल्यात रिटेलवाल्यांच्या संघटनेला मिळालं काय, तर टॅक्स आणि टिपवर इंटरचेंज घ्यायला बंदी. देशात असा पहिलाच कायदा, आणि आला कसा, तर बजेटच्या पोटात बसून! यात छोट्या दुकानाची ती मर्यादा गाठलीच जात नाही, म्हणजे त्याचं गेलं काही नाही आणि टिपवरचे ते सेंट वाचले तर फायदाच, म्हणून हा सौदा मला तरी डर्बिन दुरुस्तीपेक्षा बरा वाटतो.

बँका गप्प बसतील होय? कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं, मशीनकडून आमच्याकडे एकच एकूण आकडा येतो, त्यात टॅक्स किती टिप किती आम्हाला काय माहीत. हे अगदीच खोटं नाहीये, पण टिप वेगळी टाकायचा पर्याय मशीनच्या स्क्रीनवर असतोच की, मग तो आकडा पुढे पाठवायला काय हरकत? डिसेंबर 2024 मध्ये फेडरल न्यायाधीशांनी राष्ट्रीय, म्हणजे केंद्राच्या परवान्यावर चालणाऱ्या, बँकांपुरता कायदा थांबवला, कारण त्यांच्यावर वॉशिंग्टनचे नियम चालतात आणि राज्याला तिथे हात घालता येतो का हाच प्रश्न. मग विधिमंडळाने अंमलबजावणी 1 जुलै 2025 वरून 1 जुलै 2026 वर ढकलली. म्हणजे बघा, राज्यात जिंकलेलं फेडरल कोर्टात अडकतं, म्हणून या संघटनांना दोन्हीकडे माणसं ठेवावी लागतात आणि वकिलांची चांदी होते.

आता तुम्ही म्हणाल आम्ही काय करायचं. इलिनॉयमधल्यांसाठी एक सोपी सोय आहे. समितीपुढे बिल आलं की विधिमंडळाच्या साइटवर विटनेस स्लिप, म्हणजे बिलावर आपलं मत नोंदवायचा फॉर्म, भरता येते, घरबसल्या, पाच मिनिटांत. बिलाचा नंबर, बाजूने की विरोधात, आणि तोंडी बोलायचं नसेल तर तसं सांगायचं. बऱ्याच संघटना ईमेल पाठवतात, लिंक दाबा आणि आमच्या भूमिकेवर टिक करा म्हणून. दाबायच्या आधी ते बिल उघडून आपल्या दुकानाचा दर महिन्याचा कार्ड स्टेटमेंट शेजारी ठेवा, आकडे लावून बघा. आणि तुम्ही कुणाच्या वतीने बोलताय असा एक रकाना असतो त्या स्लिपवर, तिथे संघटनेचं नाव टाकायची सक्ती नाही, स्वतःसाठी असं लिहिलं तरी चालतं.