गुठळी हृदयात, घाव मेंदूत

दृश्य : धंतोली, नागपूर. इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा कक्ष. दिवे मंद, पडद्यावर धडधडतं हृदय.

रुग्ण डाव्या कुशीवर झोपला आहे, डावा हात डोक्याखाली. असं झोपलं की हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकतं आणि फुप्फुसातली हवा मध्ये कमी येते. प्रोब हृदयाच्या टोकावर टेकवला आहे, म्हणून चित्र उलटं दिसतं: टोक वर, झडपा मध्ये, वरचे कप्पे खाली. पडद्याच्या उजव्या बाजूचा हा मोठा कप्पा बघा. शरीरभर रक्त फेकण्याचं काम याचं. निरोगी माणसात तो लांबट असतो, टोकाकडे निमुळता होत जातो. इथे तो गोल फुगलाय आणि भिंती जेमतेम हलताहेत. हृदयाचा स्नायूच ताणून दुबळा झाला आहे. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी.

"पंपिंग किती आहे?" हा प्रश्न या खोलीबाहेर प्रत्येक नातेवाईक विचारतो. त्याचा हिशेब असा. निरोगी कप्प्यात १२० मिलिलीटर रक्त भरलं, तर एका ठोक्याला ७० बाहेर जातं. पंपिंग ५८ टक्के. फुगलेल्या कप्प्यात २४० भरतं आणि ६० बाहेर पडतं. पंपिंग २५ टक्के. रिपोर्टवरचा २५ सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण ठोका संपल्यावर आत किती उरलं? १८० मिलिलीटर. निरोगी हृदयात ते ५० असतं. मेंदूला धोका आहे तो या उरलेल्या रक्ताचा.

दृश्य : पडदा जवळून. टोकाशी करडी, संथ फिरणारी छटा.

रेंगाळलेलं रक्त पडद्यावर धुरासारखं दिसतं. रक्त रेंगाळणं, हृदयाचं आतलं अस्तर दुखावणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं ही गुठळीची तीन कारणं जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने आजही शिकवली जातात. दुबळ्या हृदयात तिन्ही एकत्र येऊ शकतात.

आणि ही ती गुठळी. टोकाला चिकटलेली, कडा स्पष्ट, बाहेर आलेलं टोक ठोक्याबरोबर हलतंय. अशी हलणारी गुठळी सुटण्याची भीती जास्त. ती खरी आहे हे ठरवायला दोन वेगवेगळ्या कोनांतून दिसावी लागते, आणि तिच्यामागची भिंत न हलणारी असावी लागते. कधी स्नायूचा साधा पट्टाही गुठळीसारखा भासतो. उलट चूकही होते. प्रोब एक बरगडी वर राहिला तर हृदय आखूड दिसतं, खरं टोक चित्रातून कापलं जातं आणि गुठळी निसटते. म्हणून पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली असेल, तर "टोक नीट दिसलं, गुठळी नाही" असं वाक्य रिपोर्टमध्ये आहे का, हे जरूर विचारा. विचारण्यात संकोच नको. टोक नीट दिसत नसेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारं औषध) देऊन इको करतात. कार्डियाक एमआरआय याहून अचूक.

दृश्य : रेखाचित्र. हृदयातून निघणारी महाधमनी, मानेकडे जाणाऱ्या शाखा.

सुटलेली गुठळी महाधमनीत शिरते. कमानीवरच मेंदूकडे जाणाऱ्या शाखा फुटतात. मेंदूच्या मधल्या धमनीची रुंदी जेमतेम ३ मिलिमीटर. गुठळी तिथे अडकली की विरुद्ध बाजूचा हातपाय लुळा पडतो. डावा मेंदू असेल तर बहुतेकांची वाचाही जाते. रक्तपुरवठा तुटून होणाऱ्या लकव्यांपैकी साधारण चार-पाचांत एकाची गुठळी हृदयातून आलेली असते.

दृश्य : ईसीजीची पट्टी मशीनमधून बाहेर येते.

आता उलट प्रकार. स्नायू पातळ होण्याऐवजी जाड होतो: हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. भिंत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड. पंपिंग ६५, ७० टक्के असतं, आणि घरचे निर्धास्त होतात. पण ताठर कप्पा सैल पडत नाही. मागे, डाव्या वरच्या कप्प्यात दाब साचतो आणि तो ताणत जातो. ताणलेला कप्पा एक दिवस लयीत आकुंचन पावायचं सोडून नुसता थरथरतो. एट्रियल फिब्रिलेशन. पट्टीवर पाहा: दोन ठोक्यांमधलं अंतर एकदाही सारखं नाही आणि त्यांच्या मध्ये असणारी छोटी 'पी' लहर गायब.

थरथरणाऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात एक पिशवीवजा खाच असते. गुठळी बहुधा तिथेच धरते, आणि छातीवरून केलेल्या इकोत ती खाच नीट दिसत नाही. त्यासाठी अन्ननलिकेतून इको, सुमारे सहा तास उपाशी राहून. इतर रुग्णांत वय, रक्तदाब, मधुमेह यांचे गुण मोजून रक्त पातळ करणारी गोळी द्यायची का हे ठरतं. जाड स्नायूच्या रुग्णात फिब्रिलेशन एकदा दिसलं की गुण कितीही कमी असोत, गोळी सुरू करतात. वरचा कप्पा ४५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त ताणला असेल, तर दर सहा ते बारा महिन्यांनी होल्टर (अंगावर बांधून दिवसभर ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावून हे फिब्रिलेशन मुद्दाम शोधावं लागतं, कारण ते येतं-जातं आणि काही सेकंदांच्या ईसीजीत सापडेलच असं नाही. घरी मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ठोके वेडेवाकडे लागले तर त्याच दिवशी ईसीजी काढा. हा आजार बहुधा आनुवंशिक असल्याने भावंडांचा आणि मुलांचाही इको करायचा.

दृश्य : बाळंतिणीचा वॉर्ड. मांडीवर बाळ.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतर पाच महिन्यांपर्यंत काही स्त्रियांचं हृदय अचानक दुबळं होतं. आडवं झालं की दम लागतो, पाय सुजतात. घरी म्हणतात, अशक्तपणा आहे. याच काळात रक्त मुळातच गोठायला उत्सुक असतं. इको तातडीने हवा. अंगावर पाजणाऱ्या आईला रक्त पातळ करणारं हेपॅरिन किंवा वॉरफरिन चालतं.

दृश्य : प्रयोगशाळा. निळ्या टोपणाच्या नळ्यांची रांग.

ही नळी आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणाऱ्या आकड्याची. आत ०.३ मिलिलीटर सायट्रेट, रक्त गोठू न देणारं रसायन, आधीच असतं, त्यावर बरोबर २.७ मिलिलीटर रक्त हवं. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त पडतं, आयएनआर खोटाच वाढलेला येतो आणि त्यावरून गोळी कमी केली जाते. तशात गुठळी धरते. रक्त घेताना खुणेकडे लक्ष ठेवा.

वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकूमारोल घेणाऱ्यांचा आयएनआर बहुधा २ ते ३ मध्ये राहावा लागतो. सुरुवातीला काही दिवसांच्या अंतराने तपासणी, स्थिर झाल्यावर महिन्याने. मेथी, पालक, चवळी बंद करू नका. आठवड्याला जितकी खाता तितकीच खा. एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं झालं की आकडा हलतो. मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल आणि को-ट्रायमोक्साझोल आकडा वर नेतात, क्षयाचं रिफाम्पिसिन खाली आणतं. अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅक पोटात रक्तस्राव घडवू शकते. आणि गावात ताप आला की कमरेत इंजेक्शन घ्यायची सवय: ही गोळी चालू असताना ते नको, स्नायूत रक्त साकळतं.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. पण अ‍ॅपिक्सॅबॅन दिवसातून दोनदाच घ्यायची, आणि रिवारॉक्सॅबॅनची २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच, नाहीतर ती पूर्ण शोषली जात नाही. दोन-तीन मात्रा चुकल्या की संरक्षण संपतं. या गोळ्यांचा डोस किडनीवर अवलंबून असतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ पार असताना, लघवीची गोळी घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन त्या दिवसांत तपासून घ्या. पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा, दुबळ्या हृदयाला जास्तही बाधतं. र्‍हुमॅटिक तापाने (सांधे धरणाऱ्या तापाने) डाव्या बाजूची मायट्रल झडप आकसलेली असेल, तर मात्र जुनीच गोळी: वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकूमारोल.

रस्ता उलटाही चालतो. मोठ्या लकव्यानंतर मेंदूकडून सुटलेल्या अ‍ॅड्रिनलिनसारख्या रसायनांच्या लोंढ्याने हृदयाचा स्नायू काही दिवस बधिर होतो, टोक फुगतं. म्हणून लकव्याच्या रुग्णाचा इको आणि ईसीजी दोन्ही काढायचे.

दृश्य : १०८ची रुग्णवाहिका. सीटी स्कॅन कक्ष.

तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं अडखळतं: १०८ लावा. पाणी पाजू नका, अ‍ॅस्पिरिन देऊ नका. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहा. झोपेतून उठताना लक्षात आलं असेल तर झोपायला गेल्याची वेळ धरायची. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, पण आधी सीटी. काटोल-उमरेडहून निघालात तर रस्त्यातच तासभर जातो. रात्री सीटी आणि हे इंजेक्शन कुठे मिळतं ते आजच विचारून ठेवा. गोळीचं नाव, डोस आणि शेवटची कधी घेतली, हे खिशातल्या कार्डावर हवं. आयएनआर १.७ च्या वर असेल किंवा नवी गोळी ४८ तासांत घेतली असेल, तर इंजेक्शन बहुधा देत नाहीत. मग मोठी धमनी बंद असल्यास जांघेतून नळी नेऊन गुठळी बाहेर ओढतात.

दृश्य : फिजिओथेरपी.

पुढे महिनोन्‌महिने व्यायाम, बोलण्याचा सराव, घरातल्या एकाची मजुरी बुडते.

दृश्य : इको कक्ष. दुसरा रुग्ण, तीन महिन्यांपूर्वीचं आणि आजचं चित्र शेजारी-शेजारी.

कप्प्यात गुठळी सापडली की साधारण तीन महिने गोळी देऊन पुन्हा इको करतात. इथे डावीकडे गुठळी आहे, उजवीकडे टोक मोकळं. पंपिंग २५ वरून ४० वर आलंय. आता गोळी थांबवायची का, हे भिंतीची हालचाल पाहून डॉक्टर ठरवतील. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर गुठळी विरघळली तरी गोळी चालूच ठेवायची.