ट्रकचं दार लागण्याआधी

(दृश्य: सकाळ. सोसायटीच्या फाटकापाशी रिकामा ट्रक. हमाल पुठ्ठ्याचे रोल उतरवताहेत.)

पुण्याहून बेंगळुरूला निघालेला दोन बेडरूमचा संसार. ट्रकचं दार लागलं की तो पूर्णपणे दुसऱ्याच्या ताब्यात. फसवणारा मूव्हर, म्हणजे घरसामान हलवणारा पॅकर्स-मूव्हर्सवाला, याच क्षणाची वाट बघत असतो. आधी स्वस्त दर, माल भरल्यावर वाढीव मागणी, आणि पैसे मिळेपर्यंत सामान अडवून ठेवायचं. म्हणून जे तपासायचं ते आधीच.

'टू बीएचके ना? एवढे होतील,' असा फोनवरचा दर धरू नका. माणूस घरी यावा, निदान व्हिडिओ कॉलवर सगळं घर दिसावं. माळा, बाल्कनी आणि दिवाणाच्या पोटातलं सामान आवर्जून दाखवा. अंदाज चुकतो तो इथेच, आणि 'सामान जास्त निघालं' हे भांडणही इथूनच सुरू होतं. पॅकिंग, चढ-उतार, लिफ्ट नसेल तर मजल्यांचे पैसे, एसी काढणं, टोल, जीएसटी, सगळं दरपत्रकात वेगवेगळं लिहून घ्या.

(दृश्य: मोबाइलवर जीएसटी पोर्टल.)

नामांकित कंपनीच्या नावाला एखादा शब्द जोडून धंदा करणारे बरेच आहेत. तेव्हा नावावर जाऊ नका, 15 अक्षरी जीएसटी क्रमांक मागा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणीकृत नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. तेच नाव दरपत्रकावर हवं, बँक खात्यावरही हवं. आगाऊ रक्कम कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितली, तर व्यवहार तिथेच थांबवा.

ट्रक फक्त आपला, की पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या मालासोबत? पार्ट लोड स्वस्त पडतो, पण माल गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढू शकतो. प्रत्येक चढ-उताराला काच आणि प्लायवूड धोक्यात.

विम्यासाठी सामानाच्या किमतीवर टक्केवारी घेतात. पैसे देण्याआधी पॉलिसी क्रमांक असलेलं विमा कंपनीचं प्रमाणपत्र बघा. मूव्हरच्या लेटरहेडवरची हमी म्हणजे विमा नव्हे.

(दृश्य: वॉशिंग मशीनची मागची बाजू.)

कामाची पारख एका प्रश्नात होते: फ्रंट लोड मशीनला ट्रान्झिट बोल्ट (प्रवासात ड्रम घट्ट धरून ठेवणारे) लावता ना? तिचा ड्रम स्प्रिंगवर टांगलेला असतो. बोल्टशिवाय तो वाटभर हेलकावे खातो, स्प्रिंग आणि हादरे शोषणारे डँपर निकामी होतात. जाणकार माणूस पाहणीच्या वेळीच विचारतो, 'बोल्ट जपून ठेवलेत का?'

माल भरताना प्रत्येक खोक्यावर क्रमांक, यादीवर दोघांच्या सह्या. बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची मालपावती, हातात आल्याशिवाय गाडी सोडू नका, आणि बिल्टीवरचा गाडी नंबर समोरच्या ट्रकशी ताडून बघा.

मग कर्नाटकच्या सीमेजवळचं कागल ओलांडताना फोन येऊ शकतो: 'नाक्यावर टॅक्स भरायचाय, पैसे पाठवा.' पाठवू नका. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल (जीएसटीतला मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागत नाही, आणि जीएसटी आल्यापासून सीमेवरचे विक्रीकर नाकेही उरलेले नाहीत.

(दृश्य: बेंगळुरू. सामान उतरतंय.)

खोकी मोजूनच सही करा. फुटलेलं, हरवलेलं त्याच कागदावर लिहा, फोटो काढा. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार दाव्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही 180 दिवसांत. हे दिवस माल पोचल्यापासून नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून मोजतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.